सर्वांत हळू गाडीचं वेळापत्रक

तारखेवरून अजून वाद चालू आहे. लडाखला गाड्या न्यायच्या तर मोसम जून ते सप्टेंबर. जूनच्या मध्यात मुलांच्या शाळा उघडतात, तेव्हा घर सोडून निघणं निम्म्या जणांना जमत नाही. जुलै-ऑगस्टात लडाख पर्जन्यछायेत कोरडा असतो खरा, पण परतायचं हिमाचलमार्गे, आणि त्याच दिवसांत कुलू-मंडीच्या बाजूला दरडी येतात. २०२३च्या जुलैत बियास नदीने मनालीचा रस्ता कसा खाल्ला ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. लेहसुद्धा अगदी बिनधोक नाही. २०१०च्या ऑगस्टात तिथेच ढगफुटी झाली होती. मग गणपती. गटातले दोघं मंडळाचे कार्यकर्ते, विसर्जनाआधी त्यांना पुण्याबाहेर काढणं कोणाच्या बापाला जमणार नाही. राहिला पितृपक्ष. तेव्हा नाल्यांना पाणी कमी, आकाश स्वच्छ आणि ऑफिसात रजाही मिळते. फक्त एकाच्या आईंनी विचारलं, "पितृपक्षात कोणी एवढ्या लांबच्या प्रवासाला निघतं का?" कोणी उलट बोललं नाही. त्यांची समजूत घालायचं काम काकांकडे दिलंय.

*

काका आमच्यापैकी कोणाचेच सख्खे काका नाहीत. साठीला टेकलेत. जुनी, कार्बोरेटरची बुलेट. सरळ रस्त्यावरही पन्नासच्या वर जात नाहीत आणि तासाभराने टपरी दिसली की इंडिकेटर लागलाच. तरुण मंडळींचं म्हणणं असं, की काकांना सांभाळत गेलो तर पँगाँगला पोचेपर्यंत अंधार होईल. मी म्हटलं, मग मुक्काम अलीकडे करू. घाटात पुढची गाडी कितीही पळाली तरी संध्याकाळी ती मागच्या गाडीची वाट बघत उभीच असते. वेळापत्रक काकांच्या गाडीवर बेतायचं, बाकीच्यांनी फोटो काढायला थांबावं. हे एकदा ठरलं की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात. ठरवायला मात्र दोन बैठका गेल्या.

*

श्रीनगरमार्गे चढायचं, मनालीमार्गे उतरायचं. घरचे विचारतात, काश्मीरमधूनच कशाला? कारण उंचीचं आहे. श्रीनगर १,५८५ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही थोडं खालीच. पुढचा मुक्काम कारगिल, २,६७६ मीटर. त्यानंतर लेह, साधारण ३,५००. शरीराला पायऱ्या मिळतात. मधे झोजीला आणि फोटूला लागतात, पण तिथे झोपायचं नसतं, ओलांडून उतरायचं असतं. उलट मनाली दोन हजारांवर आणि तिथून वर येणारे पुष्कळ जण पहिल्याच रात्री सरचूच्या तंबूत झोपतात. सरचू ४,२९० मीटर. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर चढून तिथे रात्र काढणाऱ्यांची पहाटे काय अवस्था होते, ते तंबूवाल्यांना विचारा. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा डॉक्टरांचा दंडक आहे. कारगिलहून लेहला जाताना तो थोडा मोडतो, म्हणून लेहमध्ये दोन रात्री सक्तीच्या. पहिल्या दिवशी शांतिस्तूपाच्या पायऱ्याही चढायच्या नाहीत.

*

झोजीलावर वाहतुकीच्या वेळा ठरलेल्या असतात, कधी चढणाऱ्यांना सोडतात, कधी उतरणाऱ्यांना. सोनमर्गला मुक्काम केला तर पहाटे रांगेत लागता येतं. जानेवारी २०२५मध्ये सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला, त्यामुळे तिथवर पोचणं सोपं झालंय. झोजीलाखालचा मोठा बोगदा अजून खोदला जातोय. तो झाला की हा घाट चढायची गरज उरणार नाही. काकांना त्याआधी एकदा घाट चढायचाय. १ नोव्हेंबर १९४८ला जनरल थिमय्यांनी याच घाटातून स्टुअर्ट रणगाडे वर नेले आणि समोरच्याची तारांबळ उडाली, हे ते प्रत्येक बैठकीत सांगतात. त्या रणगाड्यांसाठी वाट मद्रास सॅपर्सनी तयार केली होती, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं आणि मग वाचून खात्री केली.

*

गाड्या रेल्वेने. पुणे ते जम्मू चालवत जायचं म्हणजे दोन हजारांहून जास्त किलोमीटर राजमार्ग, त्यात रजेचे चार दिवस आणि पाठीचा कणा दोन्ही खर्ची पडतात. काहींना तोच पुरुषार्थ वाटतो. वाटू दे. आम्ही झेलम एक्स्प्रेसने.

तिकीट असेल तर गाडी सामान म्हणून आपल्याच ट्रेनमध्ये लावायचा प्रयत्न करता येतो. बिनतिकिटाची पार्सल म्हणून जाते आणि जागा असेल तेव्हा जाते. पेट्रोलची टाकी रिकामी हवी, थेंबही नको. आरसी बुकाची आणि ओळखपत्राची प्रत. आरसे काढून पिशवीत टाकायचे, गोणपाटात बांधणारे लोक स्टेशनच्या बाहेरच भेटतात. गोणपाटावर रंगाने नाव, कुठून-कुठे, फोन नंबर. सगळ्या गाड्या एकाच ट्रेनला चढतील असं समजून पुढची तिकिटं काढू नयेत. जम्मूला एक मोकळा दिवस ठेवलाय तो यासाठीच. तरुण मंडळींनी तो खोडला होता, मी परत लिहिला.

*

दहा गाड्या, प्रत्येकीला पेट्रोल भरायला तीन मिनिटं. अर्धा तास. दहा जणांचा चहा, दहा जणांचं लघवीला जाणं, एकाचा हातमोजा हरवणं, अजून अर्धा तास. दिवसात असे चार थांबे धरा. मोठ्या गटाचा वेग रस्त्यावर जातच नाही, थांब्यांवर जातो. सातपेक्षा जास्त गाड्या नकोत, असं माझं ठाम मत. जास्त झाले तर दोन गट, दोन पुढारी, मुक्कामाला भेट.

*

पेट्रोलचं गणित.

तांदीच्या पंपावर, जिथे चंद्रा आणि भागा नद्या मिळतात तिथे, पाटी आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आम्ही उलट दिशेने येणार, म्हणून आमच्यासाठी शेवटचा भरवशाचा पंप लेहच्या बाजूला कारूचा. मधे पांग, सरचू इथे तंबूतून बाटलीने पेट्रोल विकतात, भाव त्यांच्या मर्जीचा, पेट्रोल कसलं ते देव जाणे.

हिमालयन ४११ची टाकी १५ लिटरची. मैदानात लिटरला तीसच्या आसपास देते, म्हणजे साडेचारशे किलोमीटर. कागदावर सहज जमतं. क्लासिक ३५०ची टाकी १३ लिटरची; मैदानातल्या हिशेबाने तीही जाते. पण घाटात दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गियरवर, सामान बांधून, मागे माणूस बसवून चालवलं की लिटरला पंचवीस धरावे. १३ गुणिले २५, सव्वातीनशे. इथे गणित तुटतं. वर पँगाँगच्या बाजूला वाकडी वाट केली तर आणखी तुटतं. म्हणून ज्याची टाकी १५च्या आत त्याने पाच लिटरचा कॅन बाळगायचा. लोखंडी, पेट्रोलसाठी बनवलेला. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत नाही. उन्हात आणि उंचीवर ती फुगते. वेफर्सचं पाकीट फोटूलावर कसं टम्म होतं ते पाहिलं की पटतं. कॅन सायलेन्सरच्या उलट बाजूला बांधायचा, काठोकाठ भरायचा नाही, आणि पहिली संधी मिळताच टाकीत ओतून रिकामा करायचा.

बॅकअप गाडी असेल तर कॅन तिच्यात. बॅकअप गाडी घ्यायची का, यावर मतं फुटलीत. "मग बाइकवरून गेलो असं कसं म्हणायचं?" असा एक प्रश्न. मी म्हणते, मागे गाडी असेल तर ज्याला बरं वाटत नाही तो निमूट तिच्यात बसतो. नसेल तर तो हँडल सोडत नाही. आम्ही गाडी घेतोय.

*

काकांची बुलेट. समुद्रसपाटीला हवेचा जेवढा दाब, त्याच्या दोन तृतीयांशाच्या जवळपास लेहला. खारदुंगलाच्या उंचीवर जेमतेम अर्धा. इंजिनला प्राणवायू निम्मा, म्हणजे ताकदही निम्म्याच्या आसपास. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या मिश्रण आपोआप पातळ करतात, म्हणून २०२०नंतरच्या बीएस-६ गाड्यांना फक्त ताकदीची तक्रार. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पेट्रोल तेवढंच ओततो. इंजिन गुदमरतं, काळा धूर सोडतं, प्लग काळा पडतो. उपाय म्हणजे लहान जेट. ते काकांच्या खिशात आधीच आहेत, लेहमध्ये बदलायचे, परतीला मनालीत पुन्हा मूळचे घालायचे. काका म्हणतात, दोन्ही कामं स्वतः करणार, कोणी मदतीला येऊ नये.

*

प्रत्येक गाडीचे स्वतःचे सुटे भाग: क्लच केबल, ऍक्सिलरेटर केबल, प्लग, ब्रेक पॅड, चेन लिंक, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर. स्पोकच्या चाकांना पुढचीमागची ट्यूब. नवी क्लच केबल निघण्याआधीच जुनीच्या शेजारून ओढून ठेवायची. तुटली तर थंडीत सुन्न बोटांनी टाकीखाली हात घालावा लागत नाही, फक्त दोन टोकं जोडायची. क्लच प्लेट मात्र गटात एक संच पुरे. अर्धा क्लच दाबून नाल्यात गाडी रेटणारा एक जण प्रत्येक गटात असतोच.

*

नाले. वरचा बर्फ दुपारच्या उन्हाने वितळतो आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी तीन-चार वाजता गुडघ्याला लागतं. बारालाचाच्या बाजूला तर नक्कीच. म्हणून पहाटे निघायचं, आणि दुपारी दोननंतर नवीन घाट चढायला सुरुवात करायची नाही. ही वेळ कोणाशी चर्चा न करता पाळायची, कारण दोन वाजता सगळ्यांनाच वाटत असतं की अजून उजेड आहे. पाण्यात उतरताना पहिला गियर, एकसारखी रेस, नजर समोरच्या काठावर, पाय फुटरेस्टवर. मागे बसलेल्याने आधीच उतरून चालत पलीकडे जायचं. एका वेळी एकच गाडी पाण्यात. पलीकडे पोचलेल्या दोघांनी गाड्या लावून काठावर उभं राहायचं, मोबाइलने शूटिंग करत नव्हे, हात मोकळे ठेवून.

*

वाट चुकू नये म्हणून एक जुनी युक्ती, नकाशाही लागत नाही, नेटवर्कही. पुढारी पहिला. फाटा आला की त्याच्या मागची दुसरी गाडी तिथेच थांबते आणि हाताने दिशा दाखवते. सगळे गेले, शेवटची गाडी आली की थांबलेला तिच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्याला नवा दुसरा थांबतो. शेवटची गाडी, म्हणजे स्वीप, ठरलेली असते आणि ती कधीही कोणाच्या पुढे जात नाही. आमचा स्वीप म्हणजे गटातला सगळ्यात तरबेज चालवणारा. त्याला हे आवडलेलं नाही. पुढारी कोणीही होऊ शकतो. मागे राहून कोणाचं काय बिघडतंय ते ओळखायला मात्र अनुभव लागतो.

बाकी नियम थोडे. घाटात एकेरी रांग. आरशात मागचा दिवा दिसेनासा झाला की वेग कमी करायचा, तरी दिसला नाही तर थांबायचं. ट्रकला आधी वाट द्यायची. वळणावर हॉर्न वाजवायचा, फौजेच्या ताफ्याला हात करायचा.

*

डॉक्टरांशी बोलणं झालं ते इथे नीट उतरवून ठेवते, कारण यावरच ट्रिप टिकते.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, भूक मरणं: हे पहिल्या एक-दोन दिवसांत बऱ्याच जणांना होतं. पाणी, विश्रांती, त्याच उंचीवर थांबणं. दारू नाही, हे वाक्य डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, आमच्याकडे बघून. डायमॉक्स नावाची गोळी आधीपासून घेतली तर फायदा होतो, पण ज्याला सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे त्याने विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरू नये. ती घेतली की लघवी वारंवार होते आणि बोटांना मुंग्या येतात, घाबरायचं नाही.

धोक्याची खूण वेगळी. सरळ रेषेत टाचेला टाच लावून चालता येत नाही, बोलणं असंबद्ध होतं, म्हणजे मेंदूला सूज येत असण्याची शक्यता. नुसतं बसलं तरी धाप, खोकल्यात गुलाबी फेस, म्हणजे फुप्फुसात पाणी. यातलं काहीही दिसलं की औषध एकच, खाली उतरणं. सकाळी नाही, तेव्हाच, रात्र असली तरी. प्राणवायू आणि गोळ्या उतरता उतरता. बाजारातले छोटे फवाऱ्याचे ऑक्सिजनचे डबे काही मिनिटंच पुरतात. त्यांच्या भरवशावर कोणी वर चढू नये. लेहमध्ये सोनम नोरबू स्मारक रुग्णालय आहे, तिथल्या लोकांनी असे रुग्ण खूप पाहिलेत.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर दोन घेतोय. मात्र कोविडमध्ये सगळ्यांच्या डोक्यात ९४चा आकडा बसलाय. लेहला धडधाकट माणसाचा ८८ दिसू शकतो. आकडा बघून घाबरणारे आणि आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखी लपवणारे, दोघंही सारखेच अवघड. म्हणून दर संध्याकाळी आकडा नंतर, आधी प्रश्न: जेवलास का, झोपलास का, डोकं कसं आहे? आणि जोडीदाराने जोडीदाराबद्दल उत्तर द्यायचं, स्वतःबद्दल नाही.

*

लेहनंतरचा क्रम. आधी नुब्रा, मग पँगाँग. खारदुंगला ५,३५९ मीटर (जुन्या पाटीवरचा १८,३८० फूट हा आकडा फुगवलेला, खरी उंची १७,५८२ फूट), पण ओलांडून उतरलं की हुंदर ३,१०० मीटरच्या आसपास, लेहपेक्षाही खाली. उंच जाऊन खाली झोपायचं, हे तिथे आपोआप घडतं. खिंडीत वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही, फोटोची रांग मोठी असली तरी. पँगाँगचा काठ ४,२०० मीटरच्या वर, तो मागून.

हानले घ्यायचं की नाही? मला घ्यायचंय. तिथे ४,५०० मीटरवर भारतीय ताराभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे, आणि तिच्या सोबतीला २०२४पासून गॅमा किरणांची मेस दुर्बीण, जी आपल्या ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली. भोवतालचा मुलूख २०२२पासून काळोखासाठी राखलाय. रात्री तिथे हेडलाइट पाजळत गावात शिरणं म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या अंगणात फटाके लावणं. उजेडात पोचायचं, नाहीतर जायचंच नाही. मतदानात हानले एका मताने पडलं. मोकळे दोन दिवस आहेत, ते उरले तर बघू.

ते दोन दिवस कोणी आधीच वाटून खाऊ नयेत. दरड, पंक्चर, ताप, बंद पडलेला रस्ता, यांच्या नावाने ते राखलेत.

*

तिघींच्या सासूबाईंचा प्रश्न: सुना मागे बसून जाणार की विमानाने? दोघी विमानाने लेहला येणार, एक स्वतःची गाडी चालवणार. पुणे साडेपाचशे मीटरवर आणि विमान थेट साडेतीन हजारांवर उतरवतं, त्यामुळे विमानवाल्यांनी दोन दिवस आधी पोचून हॉटेलात नुसतं लोळायचं. आपण कारगिलहून दमून पोचू तेव्हा त्या ताज्यातवान्या असतील, ही माझी अटकळ.

एकाला विमानाने येऊन तिथेच गाडी भाड्याने घ्यायचीय. घ्यावी, पण लेहमधूनच. श्रीनगर किंवा मनालीच्या भाड्याच्या गाडीवर खारदुंगला, पँगाँगच्या बाजूला फिरायला गेलात तर लेहचे गाडीवाले अडवतात. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, हुज्जत घालायची नाही.

*

कागद: आरसी, विमा, पीयूसी, लायसन. मोबाइलमधल्या डिजिलॉकरवर विसंबायचं नाही, छापील प्रती पाकिटात. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं सहीचं पत्र. विमा फक्त थर्ड पार्टीचा असेल तर नाल्यात पडलेल्या गाडीचा खर्च आपलाच.

फोन: बाहेरचं प्रीपेड कार्ड जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड लागतं, आणि बदलून घ्यायला काही दिवस जातात. सगळ्यांनी एकाच कंपनीचं घेऊ नये. घरी आधीच सांगून ठेवायचं, की पांग-सरचूच्या टप्प्यात फोन लागला नाही तर काळजी करू नका. काकांनी काकूंना अजून सांगितलेलं नाही.

*

पैसे. टीटीएमएम चालणार नाही असं मी पहिल्याच बैठकीत सांगितलं. प्रत्येक चहाला तू किती, मी किती, हे डोकं दुखत असताना कोण करणार? सगळ्यांची सारखी वर्गणी, एक पाकीट, एक वही. पेट्रोल ज्याचं त्याचं, कारण काकांची बुलेट आणि हिमालयन यांची भूक वेगळी. राहणं, जेवण, बॅकअप गाडी, परवान्याचे आणि पर्यावरणशुल्काचे पैसे सामायिक. कारगिल-लेहला एटीएम आहेत, पुढे रोख. नेटवर्क नसेल तिथे यूपीआयचं स्कॅनर नुसतं भिंतीवर लटकलेलं. खजिनदार मी. हिशेब रोज रात्री मोठ्याने वाचणार, पटला नाही तर तेव्हाच बोला. पुण्यात आल्यावर काढलेली कुरबुर ऐकली जाणार नाही.

*

खाणं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, लेहमध्ये ८८ अंशांच्या आसपास. कुकरशिवाय भात कच्चा राहतो. म्हणून तंबूत मॅगी, आमलेट, राजमा जे मिळेल ते. वरणभाताचा हट्ट धरायचा नाही. सोबत गूळ-शेंगदाणे, खाकरा, मेतकूट. बाकरवडी एक किलो, कोणीतरी आणणारच, रोखण्यात अर्थ नाही. रिकाम्या बाटल्या परत आणायच्या. गाटा लूप्सच्या एकवीस वळणांत एका तहानलेल्या भुताची समाधी दाखवतात. लोक तिथे पाण्याच्या बाटल्या वाहतात आणि तिथे आता प्लास्टिकचा ढीग झालाय. भुताला पाणी द्यायचंच असेल तर ओता आणि बाटली घेऊन या.

*

सीमा सडक संघटनेच्या पाट्यांवर विनोद असतात, लग्नाचे, दारूचे, वेगाचे. तरुण मंडळी त्यांचे फोटो काढतात. त्या पाट्यांच्या शेजारी डांबराचं पिंप तापवत, तोंडाला फडकं बांधून उभे असतात ते मजूर पुष्कळदा झारखंड-बिहारचे. आपण जिथे वीस मिनिटं थांबायलाही घाबरतो तिथे ते मोसमभर काम करतात. बैठकीत ठरलं: बॅकअप गाडीत बिस्किटांचे पुडे आणि हातमोजे जादा ठेवायचे. एवढ्याने काय होतंय, असं एक जण म्हणाला. काही होत नाही, तरी ठेवायचे.

*

तालीम. येत्या रविवारी ताम्हिणी. पूर्ण सामान बांधून, रेनकोट सगळ्यात वर, पाच लिटरचा कॅन पाण्याने भरून, मागे बसणारी व्यक्ती मागे बसवून. सामान बांधलेली गाडी वळणावर कशी वागते, ब्रेक किती लांब लागतो, हे आपल्या घाटात कळलेलं बरं. उतारावर नुसता ब्रेक धरून यायचं नाही. खालच्या गियरवर, इंजिनच्या जोरावर उतरायचं. मुळशीला चहा, परत येताना सगळ्यांनी स्वतःचं एक पंक्चर स्वतः काढायचं, चाक उतरवून. काका आणि मी वेळ लावणार.

ज्याला यायचं नाही त्याने रविवारच्या आधी सांगावं. कोणी नावं ठेवणार नाही, वर्गणी पूर्ण परत. रविवारी सामान न बांधता जो येईल त्याचं झेलमचं तिकीट काढलं जाणार नाही.